उण्या पावसाचा मुलूख : माणदेश

महाबळेश्वरावर वर्षाला 200 इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व कडेला, माणदेशात, 20 इंच पडला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. सह्याद्री ढग अडवितो, हे भूगोल आपल्याला शिकवितो. परंतु ह्या उण्या पावसाने माणसांकडून काय करवून घेतले, तो इतिहास आपण क्वचितच वाचतो.

शिखर शिंगणापूरच घ्या. देव शंभुमहादेव डोंगरावर, आणि त्याची यात्रा भर चैत्रात! हजारो माणसे कावडी घेऊन चढतात; त्यांनी प्यावे काय? शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे ह्यांनी इ. स. 1600 च्या सुमारास तेथे तळे बांधविले. आम्हांला ते तळे एखाद्या किल्ल्याइतकेच मोलाचे वाटते.

पुढे 1876-77 चा भीषण दुष्काळ आला. लोकांना काम द्यावे म्हणून म्हसवडजवळ माण नदीवर मोठ्या तलावाचे काम निघाले. आज त्याला आपण राजेवाडीचा तलाव म्हणतो. दुष्काळी कामांवरची मजुरी तत्कालीन मुंबई सरकारने 1877 च्या आरंभी आणखी उतरविली, हेही तलावाची थोरवी सांगताना सांगितले पाहिजे. उपाशी हातांनी उचललेली माती आहे ती!

आटपाडीजवळच्या माळावर औंध संस्थानाने 1939 साली कैद्यांची मोकळी वसाहत वसविली. तिचे नाव स्वतंत्रपूर. तेथे भिंत नाही. कैदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात.