अनियततापी प्राणी : तापमान आणि लिंगनिश्चिती

ज्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या तापमानानुसार बदलते, त्यांना अनियततापी प्राणी असे म्हणतात. बहुतेक मासे, उभयचर व सरीसृप या गटात मोडतात. ‘शीतरक्ती’ ही रूढ संज्ञा मात्र दिशाभूल करणारी आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त मानवी रक्ताइतकेच उष्ण असू शकते.

काही सरीसृपांत बाह्य तापमानावरील हे अवलंबित्व अंड्यापासूनच सुरू होते. ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाच्या पिलाचे लिंग उबवणीच्या मधल्या काळातील वाळूच्या तापमानावरून ठरते. साधारणतः ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर व मादी यांचे प्रमाण समान राहते. वाळू अधिक तापल्यास माद्या, तर थंड राहिल्यास नर अधिक निपजतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून या कासवांच्या संवर्धनाचे कार्य सुरू आहे. तेथे अंडी संरक्षित कुंपणात हलवून उबविली जातात. तापमानवाढीच्या काळात अंड्यांच्या रक्षणाबरोबरच खड्ड्याची खोली, सावली व वाळूच्या तापमानाची नोंद यांनाही तितकेच महत्त्व आहे. अन्यथा अंडी वाचतील, परंतु पुढील पिढीतील नर-मादी समतोल ढळेल.