इस्पितळ बांधतो दाता, चालवतो कोण?

परळ स्टेशनातून बाहेर पडून थोडं पायी फिरलं, की केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही इस्पितळं नजरेखालून जातात. भायखळ्याला जे. जे., मुंबई सेंट्रलला नायर, सीएसएमटीजवळ कामा. मुंबईतल्या बहुतेक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या मुळाशी कुणाचं तरी दान आहे. म्हणूनच एक प्रश्न अधूनमधून नव्या उत्साहानं विचारला जातो: श्रीमंतांनी हात सैल सोडला, तर देशाची इस्पितळं नुसत्या देणग्यांवर चालणार नाहीत का? प्रश्न अगदीच भाबडा नाही. हा प्रयोग मुंबईत झाला आहे आणि लंडनमध्ये तर दोन शतकं चालला आहे.

जमशेटजी जीजीभाईंपासून सुरुवात करू. चीनशी कापसाचा आणि अफूचा व्यापार करून त्यांनी अफाट पैसा मिळवला. (दानाचा पैसा कुठून आला, हे विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.) गरिबांसाठी इस्पितळ काढायला १८३८ मध्ये त्यांनी लाखभर रुपये देऊ केले, पण सोबत अट घातली, की ईस्ट इंडिया कंपनीनंही तेवढीच रक्कम घालावी. १८४५ मध्ये जे. जे. सुरू झालं. जमशेटजी मुरलेले व्यापारी होते. आपला पैसा कुठवर पुरेल आणि सरकारला कुठे बांधून घ्यायला हवं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

पुढेही तेच घडत गेलं. १८८६ चं कामा इस्पितळ पेस्तनजी होरमसजी कामांच्या पैशातून उभं राहिलं, पण चालवलं सरकारनं. १९२६ मध्ये परळला केईएम आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शेठजींच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती, आणि त्या काळात ती मोठी गोष्ट होती. कारभार मात्र महापालिकेचा. असहकाराच्या दिवसांत निघालेलं राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नायर इस्पितळ १९४६ मध्ये महापालिकेकडे गेलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण टाटा मेमोरियलचं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कर्करोगाचं रुग्णालय उघडलं. देशातल्या सर्वांत सधन आणि शिस्तीच्या विश्वस्त संस्थांपैकी एक त्यामागे होती. तरीही १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. आज देशभरातून पेशंट तिथे येतात ते टाटांच्या नावावर विसंबून, पण इस्पितळाचा मुख्य भार केंद्र सरकार उचलतं.

वाडियात याची दुसरी बाजू दिसली. लहान मुलांचं आणि बाळंतपणाचं अशी ही दोन्ही इस्पितळं ट्रस्टची, पण त्यांचा डोलारा महापालिका आणि राज्य सरकारच्या अनुदानावर उभा. जानेवारी २०२० मध्ये थकलेल्या अनुदानाचा वाद इतका चिघळला, की इस्पितळ बंद पडायची वेळ आली. आयांनी मुलांना घेऊन निदर्शनं केली, उच्च न्यायालयानं सरकारला खडसावलं, तेव्हा पैसे सुटले. ट्रस्टचं नाव मोठं होतं, तरी अनुदान थांबताच भरती थांबली.

हे असं का होतं, ते कुठल्याही रुग्णालयाचा हिशेब उघडला की दिसतं. बांधकाम एकदाच होतं. त्यानंतर रोज लागतात सलाइनच्या बाटल्या, कापूस, गॉज, ऑक्सिजन, लाँड्री, वीज, जेवण. आणि सगळ्यात मोठा आकडा असतो पगारांचा: निवासी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार. नव्या ओपीडीला आईवडिलांचं नाव द्यायला दाता मिळतो. रात्रपाळीच्या आयाबाईंच्या पगाराला कुणाचं नाव देणार? देणगीतून सोनोग्राफी मशीन येतं, हार घालून फोटो निघतो, आणि वॉरंटी संपल्यावर देखभालीचा वार्षिक करार कुणी भरायचा यावर फाइल फिरत राहते.

इंग्लंडमध्ये हा प्रयोग देशभर झाला. तिथली नामांकित इस्पितळं देणग्यांवर उभी होती. थॉमस गाय या पुस्तकविक्रेत्यानं साउथ सी कंपनीचे शेअर १७२० मध्ये फुगा फुटायच्या आत विकले आणि त्या नफ्यातून १७२५ मध्ये लंडनचं गाय हॉस्पिटल सुरू झालं. अशा अनेक इस्पितळांत वर्गणीदारांना एक हक्क असे: पेशंटला शिफारसपत्र देण्याचा. म्हणजे आजारी मोलकरणीनं आधी एखाद्या वर्गणीदाराचं दार ठोठवायचं, चिठ्ठी मिळवायची, मग खाट. १८२७ च्या हिवाळ्यात विल्यम मार्सडेन या सर्जनला चर्चच्या पायऱ्यांवर एक मरणासन्न मुलगी दिसली. चिठ्ठी नसल्यानं तिला कुठेच दाखल करून घेईनात. त्या अनुभवातून त्यानं पुढच्याच वर्षी चिठ्ठीविना उपचार देणारं रॉयल फ्री हॉस्पिटल काढलं.

चिठ्ठी असूनही सगळ्यांना जागा नव्हती. साथीचे रोगी, असाध्य आजाराचे, वेडाचे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, अशांना धर्मादाय इस्पितळं सहसा टाळत. बरे होऊन घरी जाणारे पेशंट दाखवले की वर्गणी येते, हे उघड होतं. उरलेल्यांची रवानगी गरिबांना ठेवायच्या वर्कहाउसच्या दवाखान्यात आणि पुढे नगरपालिकेच्या रुग्णालयात व्हायची. क्ष-किरण, जंतुविरहित शस्त्रक्रिया, प्रशिक्षित परिचारिका आल्या तसा खर्च वाढत गेला. रस्त्यात झेंडे-बिल्ले विकून पैसे गोळा करण्याची वेळ आली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारला ५ लाख पौंडांची मदत द्यावी लागली. १९३० च्या दशकात या इस्पितळांचं मोठं उत्पन्न देणगीदारांकडून नव्हे, तर पेशंटांच्या फीमधून आणि आठवड्याला तीन पेन्स कापून देणाऱ्या कामगारांकडून येत होतं. दान म्हणून सुरू झालेली गोष्ट विम्याच्या वळणावर गेली होती.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. धर्मादाय इस्पितळं सुमारे १,१०० आणि त्यांच्या खाटा ९० हजारांच्या आसपास. नगरपालिकांच्या खाटा जवळजवळ ३ लाख ९० हजार. गाजावाजा दात्यांचा होता, भार मात्र आधीपासूनच नगरपालिका वाहत होत्या. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांचा आक्षेप याहून मुळाशी जाणारा होता. पैसा जिथे आहे तिथे दान होतं, आजार जिथे आहे तिथे नाही. त्यामुळे जुन्या औद्योगिक वस्त्यांच्या वाट्याला अपुऱ्या सोयी आल्या, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावचे होते, त्यामुळे हे त्यांना ऐकीव नव्हतं.

दान मनाच्या ओढीनं जातं, यात गैर काही नाही. अमेरिकेत मेम्फिसचं सेंट ज्यूड हे मुलांच्या कर्करोगाचं रुग्णालय मुख्यतः देणग्यांवर चालतं, पालकांना बिल लावत नाही आणि वर्षाला दोन अब्ज डॉलरहून अधिक निधी उभा करतं. केस गेलेलं हसरं मूल फोटोत दिसलं की पाकीट उघडतं. क्षयाच्या म्हाताऱ्या पेशंटसाठी किंवा मनोरुग्णालयाच्या गळक्या छपरासाठी तेवढं उघडत नाही.

आकड्यांपुढेही इलाज नाही. २०२२-२३ मध्ये देशभरातल्या कंपन्यांनी सीएसआरवर सगळ्या कामांसाठी मिळून सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च केले, आणि तेसुद्धा कायद्यानं भाग पाडलं म्हणून. एकट्या केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची तरतूद २०२४-२५ मध्ये ९० हजार कोटींच्या घरात होती. राज्यांचा खर्च वेगळाच. मुंबई महापालिका एका शहराच्या आरोग्यावर वर्षाला सात हजार कोटींहून अधिक ठेवते. ब्रिटनमध्ये २०२० साली शंभरीला टेकलेल्या कॅप्टन टॉम मूर यांनी अंगणात फेऱ्या मारून तीन कोटी वीस लाखांहून अधिक पौंड जमवले. सारा देश हेलावला. त्या रकमेत तिथल्या आरोग्य सेवेचा तीन तासांचाही खर्च निघाला नसता.

मग दान कुठे कामी येतं? सरकारी चौकटीत न बसणाऱ्या फटीत. टाटाला उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या पेशंटला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा नसती, तर केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस फुटपाथवर काढावे लागले असते. औषधांचे निधी, नातेवाइकांचं जेवण, कृत्रिम पाय, परतीचं तिकीट, इथे हजार रुपयेही उपयोगी पडतात. तेव्हा देणगी द्यायची असेल तर आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन काय कमी पडतंय ते विचारावं.

आणि ज्यांना उपचार हवे आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना दानाची आठवण कायद्यानं करून द्यावी लागली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. शिवाय बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत ठेवा आणि रुग्णालयाच्या समाजसेवकाला गाठा. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. मागितलं, तर तक्रार थेट धर्मादाय आयुक्तांकडे करता येते.