लक्षद्वीपचा परवाना

दिवाळीची सुट्टी लागली की वाळूज एमआयडीसीतल्या शिफ्ट थांबतात आणि बजाजनगर रिकामं होऊ लागतं. बहुतेक जण गावी जातात, पण समुद्र बघायला निघणारी कुटुंबंही आता कमी नाहीत. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपमधली छायाचित्रं सगळीकडे पोहोचली आणि देशभर या बेटांची चौकशी वाढली. चौकशी करणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो परवान्याचा. मालदीवच्या विमानतळावर उतरलेल्या भारतीय पर्यटकाला प्रवेशाची परवानगी तिथेच, फुकट मिळते. आपल्याच देशातल्या लक्षद्वीपला जायचं तर मात्र घरून निघण्याआधी परवानगी हवी.

ही अट 1967 च्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांतून आली. तिला आधार राज्यघटनेच्या कलम 19 चा आहे. देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क त्याच कलमाने दिला, आणि अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधन घालण्याची मुभाही त्यानेच ठेवली. आईवडील दोघंही बेटांवरच जन्मलेले असले आणि स्वतःचा जन्मही तिथलाच असला, की तो माणूस तिथे अनुसूचित जमातीत गणला जातो. म्हणजे जवळजवळ सगळीच स्थानिक वस्ती.

बेटं 36, वस्ती फक्त 10 बेटांवर, आणि सगळी जमीन मिळून साधारण 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473 होती. बित्रा बेटावर तर अवघे 271 लोक होते. बजाजनगरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. तिथे नदी नाही, तलाव नाही. प्रवाळाच्या वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर साठतो, आणि उपसा वाढला की त्यात समुद्राचं पाणी शिरतं. म्हणून 2005 मध्ये कवरत्ती बेटावर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता रोज एक लाख लिटरची. जायकवाडी धरणाची पातळी रोज पेपरात वाचणाऱ्या आपल्याला पाहुण्यांची संख्या मोजण्यामागचं कारण वेगळं समजावून सांगायला नको.

अर्ज आता प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर भरतात. ओळखपत्र, फोटो, कोणत्या बेटावर आणि किती दिवस हे लिहायचं, शुल्क भरायचं. स्वतंत्रपणे जाणाऱ्याला बेटावरचा रहिवासी यजमान म्हणून दाखवावा लागतो. सोबत पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही लागत आलं आहे. हा कागद वाळूजला नवा नाही. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक नोकरीला लागताना हेच काढतात. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा, चौकशी आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यातून होते. मात्र कागदांची यादी बदलत असते. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर लिहिलेलं असेल तेच खरं धरावं.

यजमानाची अट सामान्य माणसाला सर्वांत जड जाते. बेटावर ओळखीचं कोण असणार? मग सरकारी ‘स्पोर्ट्स’ संस्थेची किंवा मान्यताप्राप्त एजन्सीची सहल घ्यायची. परवान्याचं काम तेच करतात. सोय खरी, पण खिशाला झेपेलच असं नाही. परवाना असलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बेटवासीयांच्या घरगुती निवासात उतरू पाहणाऱ्याला यजमान शोधून देणारी सरकारी व्यवस्था झाली, तर पैसा थेट स्थानिकांच्या हाती जाईल आणि कामगार कुटुंबालाही जाता येईल.

परदेशी पासपोर्ट असलेल्यांचे नियम आणखी कडक आहेत. त्यांना मोजक्याच बेटांवर जाता येतं. अमेरिकेतल्या नातवंडांना घेऊन बेत आखणाऱ्या आजीआजोबांनी हे आधीच पाहून ठेवावं.

मंजुरी आली की कोचीहून आगत्ती बेटावर विमानाने किंवा वेगवेगळ्या बेटांवर बोटीने जाता येतं. बोटीला बेटाच्या अंतरानुसार चौदा ते अठरा तास लागतात. बेटावर पोहोचल्यावर परवाना पोलीस ठाण्यात दाखवावा लागतो. दारू फक्त बंगारम बेटावर चालते, आणि प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा आहे.

पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत असतो. कंपनीच्या सुट्टीच्या तारखा कळल्या की आधी अर्ज करा, आणि परवाना हातात पडेपर्यंत कोचीचं तिकीट काढू नका.