तिकीट एका कंपनीचे, वैमानिक दुसरीचे

कामाचे करार : लेखांक ६

मुंबईहून निघालेले आईवडील शिकागोला उतरतात आणि इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीकडे जाण्यासाठी शॅम्पेनचे छोटे विमान पकडतात. तिकीट अमेरिकन एअरलाइन्सचे असते, विमानाच्या अंगावर ‘अमेरिकन ईगल’ लिहिलेले असते. वैमानिकांना पगार देणारी कंपनी मात्र एन्व्हॉय ही असते. एन्व्हॉय अमेरिकनच्याच समूहातली असली, तरी तिचे वैमानिक वेगळे, त्यांची ज्येष्ठतायादी वेगळी आणि वेतनश्रेणीही वेगळी. स्कायवेस्ट आणि रिपब्लिक या कंपन्या तर अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिन्ही बड्या कंपन्यांच्या नावाने विमाने चालवतात. बड्या कंपनीने आपली किती उड्डाणे अशी दुसऱ्याकडे सोपवावीत, यावर तिच्या वैमानिकांच्या करारातले पहिलेच प्रकरण बंधन घालते. त्याला तिकडे ‘स्कोप’ म्हणतात. अमेरिकी हवाई क्षेत्रात पगारवाढीइतकाच, काही वेळा त्याहूनही कडवा संघर्ष या कलमावरून झाला आहे. गेल्या आठवड्यात आपण या करारांची कायदेशीर चौकट, म्हणजे १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट पाहिला. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांनाही लागू झाला. आज त्या चौकटीतले हे सर्वांत वादग्रस्त कलम पाहू. माझे म्हणणे असे, की हे कलम टिकले पाहिजे, कारण तिकीट विकणाऱ्या कंपनीला उड्डाणाच्या जबाबदारीशी बांधून ठेवणारे इतके परिणामकारक साधन दुसरे नाही. त्याची मोजपट्टी मात्र बदलायला हवी.

हा प्रश्न उभा राहिला तो १९७८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेने भाडे आणि मार्ग ठरवण्याचे सरकारी नियंत्रण उठवले. कंपन्यांनी शिकागो, अटलांटा, डॅलस अशा मोठ्या विमानतळांवर आपले हब उभारले आणि आसपासच्या गावांतून प्रवासी तिथे आणण्याचे काम छोट्या कंपन्यांच्या पंख्याच्या विमानांना दिले. एकोणीस-तीस आसनांची ती विमाने बड्या कंपन्यांच्या वैमानिकांना आपल्या कामावरचे आक्रमण वाटली नाहीत. चित्र पालटले ते जेट आल्यावर. बॉम्बार्डियरचे पन्नास आसनी जेट अमेरिकेत १९९३ मध्ये कॉमएअरने प्रथम चालवले. काही वर्षांत एम्ब्रेअरचेही तसेच जेट आले. आता ‘छोटी’ कंपनी हजार-बाराशे किलोमीटरचा टप्पा गाठू शकत होती, म्हणजे जे मार्ग कालपर्यंत मोठ्या विमानांचे होते तेही तिच्याकडे वळवता येणार होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले तेव्हा, ही नवी जेट आम्हीच चालवणार, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. संप सुरू होताच काही मिनिटांत अध्यक्ष क्लिंटन यांनी आपत्कालीन मंडळ नेमून तो थांबवला. अखेर तडजोडीत ती जेट ईगलकडे गेली, पण किती आणि केवढी, याची मर्यादा करारात लिहिली गेली.

वैमानिक या मर्यादेसाठी इतके का झगडतात, हे समजायला त्यांच्या नोकरीची रचना पाहावी लागते. अमेरिकी विमान कंपनीत वैमानिकाचे जवळजवळ सगळे काही ज्येष्ठताक्रमांकावर ठरते : कोणते विमान, कोणते शहर, कोणती पाळी, सुटी कधी, कॅप्टन कधी. हा क्रमांक त्या एका कंपनीपुरताच असतो. वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तिथे तो यादीच्या तळाशी, नवशिक्या फर्स्ट ऑफिसरच्या पगारावर जातो. कौशल्य सोबत नेता येते, ज्येष्ठता नेता येत नाही. त्यामुळे काम दुसऱ्या कंपनीकडे गेले की कामाच्या मागे माणसाला जाता येत नाही. दुसरीकडे, काम देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. वेळापत्रक बडी कंपनी ठरवते, तिकिटे ती विकते, इंधनाचा भारही बहुधा तीच उचलते; तिच्या नावाने उडणारी छोटी, म्हणजे ‘रिजनल’ कंपनी विमान आणि कर्मचारी पुरवते आणि ठरलेला मोबदला घेते. करार काही वर्षांचा असतो. तो संपला की काम कमी दराच्या कंपनीकडे जाते, आणि कमी दर त्याच कंपनीला परवडतो जिचे वैमानिक नवे, म्हणून स्वस्त असतात. यात अनुभव साठणे हाच कंपनीचा तोटा ठरतो. ज्या व्यवसायात अनुभव हीच प्रवाशाच्या सुरक्षेची मोठी ठेव आहे, तिथे ही रचना उलट्या दिशेने ओढणारी आहे.

मर्यादा सैल झाल्यावर काय होते, याचा पुरावा पुढच्या दशकाने दिला. ११ सप्टेंबर २००१ नंतर युएस एअरवेज, युनायटेड, डेल्टा, नॉर्थवेस्ट आणि २०११ च्या अखेरीस अमेरिकन, अशा एकामागून एक कंपन्या दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. तिथे पगार आणि निवृत्तिवेतनाबरोबर स्कोपही कापला गेला. पन्नास आणि सत्तर आसनांच्या मर्यादा वाढत वाढत तिन्ही बड्या कंपन्यांत ७६ आसनांवर आल्या. देशांतर्गत नियमित उड्डाणांपैकी जवळपास निम्मी रिजनल कंपन्यांकडे गेली. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेले विमान वस्तीवर कोसळले आणि ५० माणसे गेली. तिकिटे कॉन्टिनेंटलच्या नावाची होती. विमान आणि वैमानिक कोल्गन एअरचे. विमानाचा वेग घटून धोक्याची सूचना मिळाल्यावर कॅप्टनने दिलेला प्रतिसाद चुकीचा होता, हे तपासात निघालेले कारण. अपघाताचे खापर थेट कमी पगारावर फोडता येणार नाही. पण या तपासाच्या सुनावणीत जे उघड झाले ते झाकण्याजोगे नव्हते : तुटपुंजा पगार, त्यामुळे कामाच्या शहरात घर न परवडणे, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येऊन ड्यूटीवर हजर होणे आणि त्यातून येणारा थकवा. २०१० च्या कायद्याने फर्स्ट ऑफिसरसाठीही साधारण १,५०० तासांच्या उड्डाणाची अट आणली, तसेच तिकीट विकतानाच प्रत्यक्ष विमान कोण चालवणार हे सांगण्याची सक्ती केली. ही दुसरी तरतूद महत्त्वाची आहे. ग्राहकाला जे नाव दिसते आणि जो हात विमान चालवतो, त्यांत अंतर पडले आहे, हे संसदेनेच त्यातून मान्य केले.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे, आणि तो हलका नाही. बड्या कंपनीचे ज्येष्ठ वैमानिक आपली मलई राखण्यासाठी रिजनलच्या तरुण वैमानिकांना मोठी विमाने मिळू देत नाहीत, असा तो आक्षेप. १९३१ पासूनची वैमानिकांची सर्वांत मोठी संघटना ‘आल्पा’ दोन्ही गटांचे प्रतिनिधित्व करते, त्यामुळे काही रिजनल वैमानिकांनी आपल्याच संघटनेला न्यायालयात खेचले होते. पण कॉमएअरची कथा या आक्षेपाला उत्तर देते. २००१ मध्ये कॉमएअरच्या वैमानिकांनी ८९ दिवसांचा संप केला आणि रिजनल क्षेत्रातला उत्तम करार मिळवला. त्यांची मालक कंपनी डेल्टा होती. २००५ मध्ये डेल्टा आणि कॉमएअर दिवाळखोरीत गेल्या. कॉमएअरची विमाने आणि उड्डाणे कमी होत गेली, काम इतर कंपन्यांकडे गेले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कॉमएअर बंद झाली. धडा स्पष्ट आहे. जिथे काम उचलून दुसऱ्याला देता येते, तिथे रिजनल वैमानिकाने स्वतःच्या कंपनीत लढून मिळवलेली वाढच त्याच्या अंगाशी येते. त्याचे खरे भविष्य बड्या कंपनीच्या यादीत आहे, आणि ती यादी वाढायची तर काम तिथे राहायला हवे. रिजनल वैमानिकावर झालेला अन्याय खराच. पण ७६ च्या जागी १०० आसने त्याच कमी पगाराच्या यादीत टाकून तो दूर होत नाही, मोठा मात्र होतो.

दुसरा आक्षेप छोट्या गावांचा. मर्यादा घातल्या तर गावांची विमानसेवा तुटेल, असे कंपन्या वारंवार सांगतात. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने २९ गावांची सरकारी अनुदानाची सेवा सोडण्याची नोटीस दिली, तेव्हा ही भीती खरी ठरल्यासारखी वाटली. मात्र कंपनीने दिलेले कारण वैमानिकांच्या तुटवड्याचे होते, आणि ती गावे पन्नास आसनी विमानांची होती. स्कोपची धार असते ती ७६ आसनी विमानांवर, आणि ही विमाने न्यूयॉर्क-वॉशिंग्टनसारख्या महानगरांच्या मार्गांवरही धावत आली आहेत. शिवाय तुटवड्याचे मूळ कुठे होते, हे त्याच वर्षी दिसले. एन्व्हॉय आणि पीडमाँट या कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर ताशी ९० डॉलरवर नेला; वर्षानुवर्षे ‘परवडत नाही’ म्हटलेली वाढ एका झटक्यात परवडली. वैमानिक होण्याचे शिक्षण लाखभर डॉलरच्या घरात जाते. पहिली पायरी इतकी स्वस्त ठेवली, तर ती चढायला माणसे येणार नाहीत, हे साधे गणित होते. छोटी विमाने स्वतःच्या वैमानिकांकडून चालवणे परवडत नाही, हा खर्चाचा मुद्दाही असाच तपासावा लागतो. जेटब्लूने २००५ पासून शंभर आसनी एम्ब्रेअर स्वतःच्या वैमानिकांकडून चालवले, डेल्टा २०१९ पासून १०९ आसनी एअरबस ए-२२० तसेच चालवते, आणि साऊथवेस्टने तर रिजनल भागीदार ठेवलेलेच नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. स्कोपची मोजपट्टी आसने आणि वजन या दोन आकड्यांत गोठली आहे : ७६ आसने, ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन. एम्ब्रेअरने इंधन वाचवणारी नवी इंजिने बसवून ई-१७५ ची दुसरी पिढी तयार केली; डिसेंबर २०१९ मध्ये ते विमान उडालेही. पण नव्या इंजिनांमुळे वजन ४४ टनांच्या पुढे गेले आणि अमेरिकी करारांत त्याला जागाच उरली नाही. मित्सुबिशीचे स्पेसजेट रखडले ते मुख्यतः प्रमाणपत्राच्या अडचणींत, पण त्याचे ९० आसनी रूपही या मर्यादेत बसत नव्हते. २०२३ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. युनायटेडने २०१९ मध्ये सत्तर आसनी सीआरजे-७०० मधली आसने काढून ते पन्नास आसनी म्हणून उतरवले, कारण त्या वर्गात जागा शिल्लक होती. प्रवाशांना पाय पसरायला जागा मिळाली हे खरे, तरी वीस आसनांची क्षमता करारातल्या एका ओळीपायी रिकामी उडते. जुनी इंजिने टिकवणारे आणि क्षमता वाया घालवणारे बंधन वैमानिकांच्याही हिताचे नाही.

म्हणून बंधन काढण्याऐवजी ते कशावर बांधायचे, याचा विचार हवा. डेल्टाच्या २०१२ च्या कराराने वाट दाखवली आहे. कंपनीला आणखी सत्तर ७६ आसनी विमाने रिजनल भागीदारांकडे हवी होती. वैमानिकांनी ती दिली, पण त्या बदल्यात ११० आसनी ८८ बोइंग ७१७ विमाने डेल्टाच्या स्वतःच्या ताफ्यात यावीत आणि पन्नास आसनी विमाने १२५ वर आणावीत, असे बांधून घेतले. स्वतःचे आणि बाहेरचे उड्डाण यांचे प्रमाणही ठरले. बाहेरचे काम वाढवायचे असेल तर घरचे आधी वाढवा, असा त्याचा अर्थ. अशा बंधनाला नव्या इंजिनाचे वजन अडवत नाही. वजनाची अट सैल करून उड्डाणतासांचे प्रमाण कडक करणे, ही दोन्ही बाजूंना मान्य होऊ शकेल अशी दिशा आहे. वैमानिकांची भीती अशी, की मंदी आली की कंपनी प्रमाणातून सूट मागेल, आणि दिवाळखोरीच्या दशकाचा अनुभव पाहता ती रास्त आहे. म्हणून प्रमाण घसरले तर बाहेरची विमाने आपोआप उतरवण्याची तरतूद त्याच कलमात हवी.

शेवटी कलमाची किंमत त्याच्या अंमलबजावणीवर ठरते. २०१० मध्ये युनायटेडशी विलीनीकरण होताच कॉन्टिनेंटलच्या हबवरून सत्तर आसनी रिजनल जेट सुरू करण्याचा बेत आखला गेला. कॉन्टिनेंटलच्या करारात जेटची मर्यादा पन्नास आसनांची होती. वैमानिक लवादाकडे गेले आणि वर्ष संपता संपता निर्णय त्यांच्या बाजूने लागला. आपल्याकडची तुलना मुंबईतच सापडते. २०१९ मध्ये बेस्ट प्रशासन आणि कामगार संघटना यांच्यात स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्यांचा ताफा राखण्याचा करार झाला. तोही एका अर्थी स्कोपच होता. पण बंधन मोडले तर काय, हे ठरवणारा लवाद त्यामागे नव्हता. स्वमालकीच्या गाड्या घटत हजाराच्याही खाली आल्या, त्यांची जागा कंत्राटदारांच्या गाड्यांनी घेतली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्या गाड्यांच्या चालकांनी पगारासाठी संप केला, तेव्हा थांब्यावर ताटकळलेल्या मुंबईकराला गाडीवर बेस्टचेच नाव दिसत होते. नाव सार्वजनिक संस्थेचे आणि वेतनाचा प्रश्न कंत्राटदाराचा, ही तीच फट आहे.

कंपनीने कोणतेच काम बाहेर देऊ नये, असे म्हणणे अव्यवहार्य ठरेल. तसा दावा अमेरिकेतील वैमानिकही करत नाहीत. पण जी कंपनी आपल्या नावावर भाडे घेते, तिने त्या नावाखालच्या कामाचा मोठा हिस्सा स्वतःच्या माणसांकडून, स्वतःच्या वेतनश्रेणीत करून घ्यावा, ही मागणी न्याय्य आहे. ती बाजार आपणहून पुरी करत नाही, हे गेल्या तीस वर्षांनी दाखवले आहे. ती करारातच लिहावी लागते, प्रमाणात मोजावी लागते आणि मोडणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा तिच्यामागे उभी करावी लागते. पुढच्या लेखांकात ऑस्ट्रेलियातील क्वांटसचा वाद पाहू. तिथे वैमानिकांनी अशाच कलमाची मागणी लावून धरली होती, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने आपला सगळा ताफाच जमिनीवर उतरवला.