कल्याणच्या दारातील प्रश्नोत्तरे: अल्लमप्रभू आणि अक्कमहादेवी

एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला प्रश्न विचारायचे, त्याची उत्तरे वाचकांसमोर ठेवायची आणि त्यातून त्या दुसऱ्याची ओळख घडवायची, ही रीत आज इतकी रुळली आहे की तिला काही पूर्वेतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ऑनलाइन मुलाखतीत तर दोघे समोरासमोर बसतातच असे नाही. प्रश्न एका वेळी लिहिले जातात, उत्तरे दुसऱ्या वेळी येतात आणि संपादक ती अशी जुळवतो की वाचकाला सलग संभाषण ऐकल्याचा भास व्हावा. नेमक्या याच पद्धतीने रचलेली एक मुलाखत पंधराव्या शतकात कन्नडमध्ये ग्रंथबद्ध झाली. तिचे स्थळ होते आजच्या बीदर जिल्ह्यातील कल्याण, विचारणारे अल्लमप्रभू आणि उत्तर देणाऱ्या अक्कमहादेवी. दोघेही बाराव्या शतकातील, दोघेही वचनकार, म्हणजे एकाच प्रांतात लिहिणारे समव्यवसायी.

हे कल्याण म्हणजे मुंबईजवळचे नव्हे. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गापासून थोड्याच अंतरावर असलेले हे तालुक्याचे गाव आता बसवकल्याण म्हणून ओळखले जाते. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचा भाग भाषावार वाटला गेला तेव्हा बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी बाजूला आले आणि कल्याण पलीकडे राहिले. बाजारात मात्र कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषा आजही एकमेकींत मिसळून ऐकू येतात. गोव्याशीही या गावाचे जुने नाते आहे. येथून राज्य करणाऱ्या चालुक्य घराण्यातील सहावा विक्रमादित्य याची कन्या मैलळदेवी ही गोव्याच्या कदंबांपैकी दुसऱ्या जयकेशीची राणी होती. याच विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. त्याचे गाव म्हणून शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर ओळखले जाते.

चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाल्यावर मंगळवेढ्याचा कलचुरी बिज्जळ कल्याणच्या सिंहासनावर आला आणि त्याच्या कारभारात बसवण्णा हे अधिकारपदावर होते. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांत चांभार, धोबी, नावाडी, दोरखंड वळणारे असे सर्व थरांतील स्त्रीपुरुष होते. ते जे बोलले त्याला वचन म्हणतात. छंदाच्या बंधनात नसलेली, बोलभाषेतील छोटी रचना आणि तिच्या शेवटी कवीची नाममुद्रा, असे वचनाचे रूप असते. शरण जेथे एकत्र बसत त्या सभेला परंपरा ‘अनुभवमंटप’ म्हणते. या सभेविषयी आज सांगितले जाणारे तपशील बव्हंशी पुढच्या काळातील ग्रंथांतून आलेले आहेत आणि तिच्या ऐतिहासिक स्वरूपाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. हे मतभेद राजकारणाला फारसे अडवीत नाहीत. बसवकल्याणात नव्या भव्य अनुभवमंटपाची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली आणि ‘जगातील पहिली संसद’ हे विशेषण भाषणांत सर्रास वापरले जाते. संसदेत कोणी नव्या सदस्याला दारातच उभे करून इतके कठोर प्रश्न विचारीत नाही, एवढे तरी या विशेषणाबाबत म्हणता येईल.

अल्लमप्रभू हे शिवमोग्गा भागातील बळ्ळिगावीचे. त्यांची नाममुद्रा ‘गुहेश्वर’. परंपरेनुसार कल्याणच्या सभेचे ‘शून्य सिंहासन’ त्यांच्याकडे होते. त्यांची वचने गूढ, उलट्या प्रतिमांनी भरलेली आणि समोरच्याला अस्वस्थ करणारी आहेत. अक्कमहादेवीही त्याच भागातील, उडुतडी गावच्या; त्यांची नाममुद्रा ‘चेन्नमल्लिकार्जुन’. चारशेहून अधिक वचने त्यांच्या नावावर मिळतात. कौशिक नावाच्या राजाने त्यांना मागणी घातली, त्यांनी अटी घातल्या, अटी मोडल्या गेल्या आणि त्या घर, अलंकार आणि वस्त्रेही सोडून केवळ केसांच्या आवरणाने निघाल्या, ही कथा सर्वत्र आढळते. विवाह प्रत्यक्षात झाला होता की नाही, यावर मात्र जुन्या चरित्रकारांचेच एकमत नाही. हरिहर कवी विवाह झाल्याचे सांगतो, ‘प्रभुलिंगलीले’ लिहिणारा चामरस तो नाकारतो. कल्याणच्या दारात जो पहिला प्रश्न विचारला गेला, तो नेमका याच जागेवर बोट ठेवणारा होता.

‘शून्यसंपादने’ या ग्रंथात हा प्रसंग येतो. किन्नरी बोम्मय्या या शरणाने आधी महादेवींना पारखले आणि मग त्या सभेसमोर आल्या. तेथे अल्लमप्रभूंनी विचारले की, तरुण वयाची स्त्री एकटी येथे का आली आहे; तिचा पती कोण हे सांगता येत असेल तर तिने बसावे, अन्यथा परत फिरावे. आजच्या वाचकाला हा प्रश्न खटकतो आणि तो खटकावा असाच आहे. स्त्रीची ओळख पतीच्या नावाने मागणारे जग ज्यांनी नाकारले, त्यांच्याच सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारला जात होता. महादेवींनी प्रश्न टाळला नाही आणि त्याच्या शब्दांतही त्या अडकल्या नाहीत. आपला पती चेन्नमल्लिकार्जुन, त्याच्यासाठीच आपण तप केले आणि वडीलधाऱ्यांनी त्याच्याशीच लग्न लावून दिले, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. पतीचे नाव विचारले होते, ते त्यांनी सांगितले. फक्त ते त्यांच्या प्रत्येक वचनाच्या अखेरीस आधीपासूनच होते. ज्याने त्यांची वचने ऐकली असतील त्याला हे उत्तर ठाऊकच असणार. अल्लमप्रभूंना ते ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. वस्त्र टाकले, पण देह केसांनी का झाकला? देहभान खरोखर सुटले असेल तर हे झाकणे कशासाठी? आत कुठेतरी लाज शिल्लक आहे, असाच त्याचा अर्थ. प्रश्नात कोंडी होती. केस बाजूला सारावेत तर ते प्रदर्शन ठरणार, न सारावेत तर साधना अपुरी ठरणार. महादेवींनी फळाचा दाखला दिला. आतला गर पिकल्यावाचून वरच्या सालीची कांती जात नाही. आणि देह झाकला आहे तो आपल्यासाठी नव्हे, पाहणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. या उत्तराने प्रश्नाची दिशाच उलटली. कसोटीला लागलेली व्यक्ती एकाएकी सभेतील पाहणाऱ्यांची नजर तपासू लागली. पुढे देह, मन, ‘मी’पण यांविषयी आणखी प्रश्नोत्तरे होतात, परंतु या संवादाचा काटा येथेच फिरतो. अखेरीस अल्लमप्रभू त्यांची थोरवी मान्य करतात, बसवण्णा आणि चन्नबसवण्णाही त्यांचा गौरव करतात आणि वयाने लहान असूनही त्या सर्वांच्या ‘अक्का’, म्हणजे थोरली बहीण, ठरतात.

अल्लमप्रभू हे सारे विचारतात ते कशासाठी, याचे परंपरेने दिलेले उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांना स्वतःला शंका नव्हती. महादेवींचा अधिकार सभेला कळावा म्हणून त्यांनी ही कसोटी मांडली. सोपे प्रश्न विचारले असते तर सौजन्य दिसले असते, पण सभेला अक्का कळल्या नसत्या. या स्पष्टीकरणाने पहिल्या प्रश्नाचा खटकणारा भाग पूर्णपणे पुसला जातो असे नाही. पुरुष शरणांपैकी कोणाला पत्नीचे नाव सांगून मगच बसण्यास सांगितले गेले होते, असे त्या ग्रंथाच्या वाचकाला कोठे आढळणार नाही.

मराठी वाचकाला येथे गोरोबाकाकांचे थापटणे आठवेल. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरा कुंभार एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून मडकी पारखतात, नामदेव तक्रार करतात आणि ‘कच्चे’ ठरतात. समव्यवसायी संतकवींनी नव्या माणसाची केलेली तीही पारखच. मात्र नामदेवांना तेथे बोलण्याची संधी फारशी मिळत नाही; निकाल थापटण्याचा असतो. कल्याणमध्ये निकाल उत्तरांवर लागतो आणि उत्तरे उत्तर देणारीच्या स्वतःच्या रचनांत आहेत.

कलबुर्गी जिल्ह्यात भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर आहे. ज्या ‘गुरुचरित्रा’ने ते गाव मराठी घराघरांत पोचवले तो ग्रंथही प्रश्नोत्तररूप आहे. नामधारक विचारतो, सिद्ध सांगतात. ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर याने मराठी ही आपली भाषा नसल्याचे आरंभीच नमूद केले आहे, हा सीमाभागाचा आणखी एक विशेष. गोव्यातील ज्या घरांत या ग्रंथाचा सप्ताह होतो त्यांना नामधारकाचा स्वर परिचित असतो. तो शिष्याचा, जिज्ञासूचा स्वर आहे. उत्तर मिळताच तो समाधान पावतो. अल्लमप्रभू समाधान पावत नाहीत, ते उत्तरातील दुसरी बाजू शोधतात. गुरूला विचारणे आणि बरोबरीच्या माणसाला विचारणे यांतले अंतर या दोन शेजारी जिल्ह्यांच्या दोन ग्रंथांत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसेल.

आता मुख्य अडचणीकडे. हा संवाद घडताना कोणी लिहून घेतलेला नाही. वचने सुटी असतात. कोणते वचन कधी, कोठे, कोणाला उद्देशून म्हटले गेले याची नोंद त्यांच्यासोबत येत नाही. कल्याणमधील क्रांतीचा शेवट इ.स. ११६७ च्या सुमारास रक्तपातात झाला. जातीबाहेरच्या एका विवाहावरून संघर्ष पेटला, बिज्जळ मारला गेला आणि शरण पांगले. त्यांच्याबरोबर वचनेही पांगली. सुमारे अडीचशे वर्षांनंतर विजयनगरच्या काळात शिवगणप्रसादी महादेवय्या यांनी ती जमवून त्यांतून संवाद उभा केला. अल्लमप्रभूंचे एक वचन प्रश्न म्हणून घ्यायचे, महादेवींचे त्याला जुळेल असे वचन उत्तर म्हणून ठेवायचे आणि मधले दुवे आपल्या गद्याने सांधायचे, असे या संपादनाचे तंत्र होते. ‘शून्यसंपादने’ या नावातील ‘संपादने’चा अर्थ मिळवणे, प्राप्ती असा आहे, मराठी कानाला त्यात संपादकाचे कामही ऐकू येते आणि योगायोगाने ते चुकीचेही नाही.

शिवगणप्रसादींनंतर आणखी तिघांनी हा ग्रंथ नव्याने सिद्ध केला. शेवटची, गूळूर सिद्धवीरण्णोडेयर यांची आवृत्ती सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मानली जाते आणि तिच्यात दीड हजारांहून अधिक वचने आहेत. प्रत्येक संपादकाने केवळ भर घातली असे नाही, आशयही बदलला. याचे ठळक उदाहरण सोलापूरच्या सिद्धरामांचे, म्हणजे ज्यांची गड्ड्याची यात्रा दर जानेवारीत भरते त्या सिद्धेश्वरांचे आहे. अल्लमप्रभू सोलापूरला जातात, तलाव खोदण्यात गढलेल्या सिद्धरामांना टोचून बोलतात आणि मग त्यांना कल्याणला आणतात, अशी कथा ग्रंथात आहे. पहिल्या संकलनात सिद्धरामांना इष्टलिंगाची दीक्षा दिल्याचा प्रसंग नव्हता. पुढच्या संपादकाला, हलगेयदेवाला, ही उणीव वाटली आणि त्याने तो घातला. पंथाला जे हवे होते ते मुलाखतीत आले. संपादकाच्या हाती किती सत्ता असते, हे दाखवायला याहून जुना दाखला शोधण्याची गरज नाही.

मग अक्कांच्या प्रश्नोत्तरांवर विश्वास किती ठेवायचा? प्रसंग म्हणून थोडा, आवाज म्हणून पुष्कळ. फळाचा दाखला देणारी, पाहणाऱ्याची नजर त्याच्याकडेच परत पाठवणारी वाणी संपादकाने निर्माण केलेली नाही. त्यांच्या नावावरील इतर वचनांतही तोच ठामपणा आहे. या वचनांची मोडकळीला आलेली ताडपत्रे विसाव्या शतकात विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव फिरून मिळवली, १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ काढले आणि छापखान्यासाठी घर विकले असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने ‘शून्यसंपादने’चा इंग्रजी अनुवाद पाच खंडांत प्रसिद्ध केला. हळकट्टींच्या श्रमांवाचून अक्का बऱ्याच अंशी लोककथेतील केशसंभार म्हणूनच उरल्या असत्या.

चन्नबसवण्णांच्या नावावरील एका वचनात एक मजेदार हिशेब मांडला आहे. पूर्वसूरींची साठ वचने बसवण्णांच्या वीस वचनांबरोबर, ती वीस अल्लमप्रभूंच्या दहांबरोबर, ती दहा अजगण्णांच्या पाचांबरोबर आणि ती पाच महादेवीअक्कांच्या एका वचनाबरोबर. या मोजणीत प्रश्न विचारणारा उत्तर देणारीच्या कितीतरी मागे पडतो, आणि मोजणारा त्याच सभेतला आहे.

अनुवाद हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला एक साधी खूण उपयोगी पडेल. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ जे काम करते तेच येथे नाममुद्रा करते. वचनाच्या शेवटी ‘गुहेश्वर’ आला तर बोलणारे अल्लमप्रभू, ‘चेन्नमल्लिकार्जुन’ आला तर अक्का. दोन वचनांच्या मधल्या ज्या ओळींत अक्का हात जोडतात, सभा थक्क होते, कोणी डोळे पुसतो, त्या ओळींखाली कोणाचीच मुद्रा नसते. त्या पंधराव्या शतकातील संपादकाच्या आहेत. प्रश्नोत्तरे संपल्यावर अक्का कल्याणमध्ये राहिल्या नाहीत. सर्वांचा निरोप घेऊन त्या श्रीशैलाच्या वाटेला लागल्या.