मोरीच्या जाळीपलीकडे

स्वामिवात्सल्याच्या पंगती उठतात आणि मागच्या अंगणात कढया घासायला पडतात. कचोरी-भजी तळून उरलेले काळपट तेल, तळाचा बेसनाचा गाळ, पातेल्यांना चिकटलेली कणीक, सारे तांब्याभर गरम पाण्यासरशी मोरीत जाते. जाळीखाली गेले की घरातून गेले, असा एक समज आहे.

अमरावतीलगतचे नांदगाव पेठ बिझीलँड, सिटीलँड या घाऊक कापडबाजारांमुळे व्यापारी कुटुंबांच्या चांगल्या ओळखीचे आहे. महामार्गावरच्या अशा वाढत्या गावांत घरे शहराची झाली, पण सांडपाण्याची वाट बरीचशी जुनीच राहिली: कुठे उघडी नाली, कुठे अंगणातील सेप्टिक टँक, कुठे शोषखड्डा. तेथे मोरीतला पदार्थ दूर जात नाही; दारापुढेच थांबतो.

तेल उष्ण असेतोवर वाहते. नळीत निवले की भिंतींना धरते. बोअरच्या जड पाण्यातील चुना आणि तेलातील आम्ले यांचा संयोग होऊन साबणासारखा कडक थर जमतो. त्यात चहाचा चोथा, केस, कापडाचे धागे अडकतात. गरम पाण्याने हा थर निघत नाही, फार तर चार हात पुढे सरकून पुन्हा थिजतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली भुयारी गटारात असाच सुमारे १३० टन वजनाचा, अडीचशे मीटर लांबीचा गोळा सापडला होता. आपल्या नालीला एवढ्या तेलाची गरज नाही. ती दोन सणांत तुंबते.

उकळते पाणी मोरीत ओतू नये, हा दंडक जैन घरांत जुना आहे. कारण जीवदयेचे. प्रज्ञापना सूत्रात संमूर्च्छिम मनुष्य उपजण्याची जी चौदा अशुचिस्थाने सांगितली आहेत, त्यांत नगराच्या मोऱ्याही येतात. साधू-साध्वींच्या पाच समितींतील पाचवी, पारिष्ठापनिका (दिगंबर परंपरेत उत्सर्ग वा प्रतिष्ठापन) समिती, तर टाकाऊ वस्तू कोठे व कशी परठवावी एवढ्याचसाठी आहे. गृहस्थाला ती त्या काटेकोरपणे लागू नाही. तरी थाळी धुऊन पिण्याची रीत, कोरड्या राखेने भांडी पुसण्याची सवय तिच्याच सावलीत वाढली. ज्या थाळीचे धुवण पोटात जाते, तिचे खरकटे मोरीत जाणार कोठून? सिंक आले आणि ही रीत बहुतेक घरांत तपस्येच्या दिवसांपुरती उरली.

सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवण्याचे काम सूक्ष्म जीवाणू करतात. अ‍ॅसिड, फिनाईल, ब्लीचिंग पावडर यांचा सढळ मारा झाला की ते मरतात आणि टाकी लवकर भरते. अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, हेही पुष्कळ घरांत ठाऊक नसते. उरलेली औषधे, रंग, थिनर, सॅनिटरी पॅड, पूजेच्या वाती, ओले पुसणे यांना तर मोरी वा संडास ही जागाच नव्हे.

तेलाचे काय करावे? निवू द्यावे, कढई रद्दी कागदाने वा राखेने पुसावी आणि मगच घासावी. तो तेलकट कागद उघडा ठेवला तर मुंग्या लागतात, म्हणून कोरड्या राखेत वा लाकडाच्या भुशात कालवून, बांधून कचऱ्यात द्यावा. सामूहिक भोजनाचे तेल अधिक असते. त्यासाठी डबा आधीच ठेवावा आणि ते बायोडिझेलसाठी नेणाऱ्यांना द्यावे.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन नाल्या झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचा देह पडला तो याच टापूत, वलगावजवळ पेढी नदीपाशी. दुसऱ्याची घाण स्वतःच्या हाताने काढणारा हा माणूस होता. आजही तुंबलेली टाकी उपसायला कोणाला तरी बोलावले जाते. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात वा टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या अंगणात ही रक्कम मोजायची वेळ यावी, याहून लाजिरवाणे काही नाही.

टाकी भरली तर उपसा करणारी यंत्राची गाडीच बोलवावी. झाकण काढून घटकाभर थांबले म्हणजे वायू निघून गेला, असे होत नाही. आतील हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, आणि वास नाही म्हणून माणूस निःशंक उतरतो.