कार्पेंटर मावशींच्या कुटुंबात

लेकीकडे न्यूयॉर्कला गेले, तर जो तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवायला निघालेला! मला मात्र पकिप्सी गाठायचं होतं. लेकीची शेजारीण, जन्माची तिथलीच. "तिथे काय आहे?" म्हणाली. म्हटलं, "आमची आनंदीबाई." लगेच निघाली बरोबर.

ग्रँड सेंट्रलहून रेल्वेने दोनेक तास. डाव्या हाताला सारखी हडसन. आम्ही अंथुर्ण्याची माणसं, नीरेचं पाणी कालव्यातून बघणारी. एवढं पात्र पाहून डोळेच फिरले. १८८९चा जुना रेल्वेपूल २००९पासून पायी चालणाऱ्यांना खुला आहे. दोन किलोमीटर बोलत-बोलत चाललो.

मग स्मशानभूमी. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेत आल्या, तेव्हा रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं. ओळख फक्त पत्रांची! १८८६ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत इथे विसावल्या.

"रोगी तपासायला मिळाले का तिला?" मैत्रिणीने विचारलं. "कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, पण आजाराने गाठलं." ती गप्पच झाली. मग दगडावरची पानं तिने हाताने झाडली.

मैत्रिणींनो, बारामतीला शिकायला परगावच्या मुली येतात. खोली देताना आपण आधी अनामत सांगतो. त्याआधी एकदा "जेवलीस का गं?" विचारायला काय हरकत आहे?